कोंबड्यांमधील रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस): बेळगाव सीमाभागातील कुक्कुटपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस लागल्यापासून दसऱ्यापर्यंत खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातून पशुवैद्यकाकडे कोंबड्यांबद्दल येणाऱ्या विचारणांत रक्ती हगवणीचा क्रमांक नेहमीच वरचा असतो. ब्रॉयलरची शेडे असलेल्यांनी, गिरिराजा किंवा स्वर्णधारा या सुधारित जातींच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी आणि परसात दहा-वीस गावठी कोंबड्या राखणाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

रक्ती हगवण म्हणजे नेमके काय? ती पाण्यातून येते की हवेतून?

हा जिवाणूचा किंवा विषाणूचा रोग नाही. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो आणि शिटेने दूषित झालेली गादी (शेडच्या जमिनीवर पसरलेला तुसाचा थर), खाद्य किंवा पाणी पक्ष्याच्या पोटात गेल्याने पसरतो. हवेतून तो येत नाही. परजीवी कवचबंद अवस्थेत शिटेबरोबर बाहेर पडतो. या अवस्थेला ऊसिस्ट म्हणतात आणि सोयीसाठी त्याला परजीवीचे अंडे समजले तरी चालेल. पक्ष्याने तो गिळला की आतड्याच्या अस्तरातील पेशींमध्ये शिरून परजीवी वाढतो, त्या पेशी फोडून बाहेर येतो, पुन्हा नव्या पेशींत शिरतो, आणि साधारण ४ ते ७ दिवसांत नवे ऊसिस्ट शिटेतून पडू लागतात. गिळलेल्या एका ऊसिस्टपासून हजारो, काही जातींत लाखो, नवे ऊसिस्ट तयार होऊ शकतात. शेडमध्ये आज दोन पक्षी मलूल दिसले आणि चौथ्या दिवशी दोनशे दिसले, तर त्यामागे हाच हिशेब असतो.

या जीवनचक्रातील एक गोष्ट प्रत्येक पालकाने पक्की लक्षात ठेवावी. शिटेतून नुकताच पडलेला ऊसिस्ट रोग देऊ शकत नाही. त्याला पिकावे लागते, आणि पिकण्यासाठी ओल, ऊब आणि हवा या तिन्ही गोष्टी मिळाल्या तर त्याला एक ते दोन दिवस लागतात. ऊब आणि हवा आपण शेडमधून काढून टाकू शकत नाही, कारण ती पक्ष्यांनाही हवी असते. आपल्या हातात उरते ती ओल, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच एका वस्तुस्थितीवर उभी आहेत.

शिटेत रक्त दिसत नसेल तर हा रोग नाही असे समजावे का?

मुळीच समजू नये. या एका चुकीच्या समजुतीने आपल्या भागात जितके पक्षी गेले आहेत, तितके औषध न मिळाल्याने गेले नसतील. कोंबड्यांना ग्रासणाऱ्या आयमेरियाच्या ७ जाती परंपरेने मानल्या जातात आणि प्रत्येक जात आतड्याचा आपला ठरलेला भाग धरते. आयमेरिया टेनेला ही जात लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी असलेल्या दोन बंद पिशव्यांत, म्हणजे सीकांमध्ये वाढते आणि उघड रक्तस्राव करते. ‘रक्ती’ हे नाव तिच्यामुळेच पडले. आयमेरिया नेकॅट्रिक्सही रक्तस्राव करते, पण लहान आतड्याच्या मधल्या भागात. आयमेरिया ॲसर्व्हुलिना आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसते आणि आयमेरिया मॅक्सिमा मधल्या भागात. या दोन जातींत रक्ताचा लाल रंग बहुतेक वेळा दिसतच नाही. शिट पातळ किंवा नारिंगी चिकट पडते, खाद्य न पचता बाहेर येते, पाय फिके पडतात आणि वजन अडते. मरतूक थोडी असल्यामुळे पालक निर्धास्त राहतो आणि नुकसान लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीसाठी उचलण्याच्या, दिवशी काट्यावर कळते.

कोणत्या वयात धोका सर्वांत जास्त असतो?

सर्वसाधारणपणे ३ ते ६ आठवडे वयात. नेकॅट्रिक्स जातीचा त्रास त्याहून उशिरा, ९ ते १४ आठवड्यांच्या तलंगांमध्येही दिसतो, म्हणून अंड्यांसाठी पक्षी वाढवणाऱ्यांनी सहावा आठवडा ओलांडला म्हणून लक्ष काढून घेऊ नये.

आमच्याकडे हा रोग पावसाळ्यातच का उसळतो? अथणीकडच्या पालकांना इतका त्रास का होत नाही?

एकाच जिल्ह्यात असूनही पश्चिमेकडील कणकुंबी-जांबोटीचा पाऊस आणि पूर्वेकडील अथणी-कागवाडचा पाऊस यांची तुलना होऊ शकत नाही. खानापूरच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावर आणि बेळगाव तालुक्याच्या त्या बाजूच्या गावांत जून ते सप्टेंबरपर्यंत हवा कायम दमट असते, ऊन पडत नाही, आणि गादीतील ओल उडून जायला वाटच मिळत नाही. ऊसिस्ट पिकण्यास २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवते, आणि पिल्लांच्या शेडमध्ये, बाहेर कितीही गारठा असला तरी, गादीचे तापमान सहज त्या आसपास राहते. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत परजीवी नसतो असे नाही. तो सर्वत्रच असतो, परंतु कोरड्या गादीत तो थोड्या प्रमाणात पिकतो आणि पक्षी थोडे थोडे ऊसिस्ट गिळून आजारी न पडता प्रतिकारशक्ती मिळवतात. रोग होणे न होणे हे परजीवी आहे की नाही यापेक्षा तो एका वेळी किती प्रमाणात पोटात जातो यावर ठरते.

याला बाजाराचे गणितही जोडले गेले आहे. आषाढाच्या अखेरीस कोंबडीला मोठी मागणी असते, श्रावणात ती घटते आणि गणपतीनंतर पुन्हा वाढते. आषाढाचा बाजार गाठण्यासाठी घेतलेल्या बॅचचा नाजूक काळ जूनच्या अखेरीस व जुलैत येतो, आणि गणपतीनंतरच्या बाजारासाठी घेतलेल्या बॅचचा ऑगस्टच्या संततधारेत. बॅच पुढे-मागे करणे प्रत्येकाला परवडणार नाही हे मान्य आहे. पण हे वेळापत्रक आधीच माहीत असते, त्यामुळे तयारी मे महिन्यात करता येते.

एक चूक घाटमाथ्याकडे हमखास दिसते. पाऊस आत येऊ नये म्हणून शेडचे पडदे वरपासून खालपर्यंत बंद करून ठेवले जातात. पक्ष्यांच्या श्वासातून आणि शिटेतून निघणारी वाफ आतच कोंडते, गादी भिजते, अमोनियाने डोळे चुरचुरू लागतात. पडदे खालून वर सरकणारे असावेत आणि पावसातही छताखालची पट्टी उघडी राहावी. छपराची वळचण भिंतीपासून निदान तीन फूट बाहेर असेल, तर तिरका पाऊसही फारसा आत येत नाही.

सकाळी शेडमध्ये गेल्यावर कोणती लक्षणे पाहावीत?

आत पाऊल टाकताच पक्ष्यांमध्ये फिरू नये, दोन मिनिटे दाराशी उभे राहून पाहावे. आजारी पक्षी पंख सोडून, पिसे फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात किंवा ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली गोळा होतात. तुरा आणि पाय फिके पडतात. खाद्याचा खप रोजच्या नोंदीपेक्षा घटतो, आणि ही घट बहुधा मरतूक वाढण्याच्या एक-दोन दिवस आधी दिसते, म्हणून रोजचे खाद्य मोजून लिहिणे हे सर्वांत स्वस्त निदान आहे. गादीवर ताजी शिट पाहावी. रक्त, चॉकलेटी रंग, नारिंगी शेंब किंवा न पचलेले दाणे दिसले तर त्याच दिवशी पुढची पायरी गाठावी.

मेलेला पक्षी उघडून रोग ओळखता येतो का?

येतो, आणि शेतावर होणाऱ्या निदानात याहून भरवशाचे दुसरे काही नाही. परंतु रात्री कधीतरी मेलेला आणि सकाळी सापडलेला पक्षी उघडून फारसे कळत नाही, कारण मृत्यूनंतर आतड्याचे अस्तर लवकर कुजते आणि खऱ्या जखमांवर पडदा पडतो. डोळ्यांदेखत मेलेला, किंवा पशुवैद्यकाने त्याच वेळी वेदनारहित पद्धतीने मारलेला आजारी पक्षी घ्यावा, आणि एकाच पक्ष्यावरून निष्कर्ष न काढता निदान तीन ते पाच पक्षी तपासावेत. हे काम शक्यतो पशुवैद्यकानेच करावे, पालकाने शेजारी उभे राहून पाहावे.

सीका आधी पाहाव्यात. टेनेलाच्या लागणीत त्या फुगलेल्या, काळपट लाल दिसतात आणि कापल्यावर आत ताजे किंवा गोठलेले रक्त निघते. एक-दोन दिवस उलटले असतील तर रक्ताच्या जागी चीजसारखा घट्ट गठ्ठा सापडतो. त्यानंतर संपूर्ण आतडे लांबीत उघडावे. सुरुवातीच्या वळणात शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पांढरे पट्टे दिसले तर ॲसर्व्हुलिना. मधला भाग सैल, फुगलेला आणि आत नारिंगी शेंब असेल तर मॅक्सिमा. तोच भाग फुग्यासारखा ताणलेला असून बाहेरूनच पांढरे व लाल ठिपके मिसळलेले दिसले तर नेकॅट्रिक्सचा संशय घ्यावा. जखमांच्या तीव्रतेला ० ते ४ असे गुण देण्याची पद्धत जॉन्सन आणि रीड यांनी १९७० साली मांडली आणि पशुवैद्यक आजही तीच वापरतात. आपल्या पक्ष्यांना किती गुण मिळाले हे विचारून वहीत लिहून ठेवले, तर पुढच्या बॅचशी तुलना करता येते.

खानापूर तालुक्यातील एका शेडमध्ये मला एकदा भर पावसात बोलावणे आले. मरतूक चौथ्या दिवसावर गेली होती. शिटेत रक्त नाही म्हणून मालकाने आधी पाणी बदलून पाहिले होते, मग दुकानातून प्रतिजैविक आणून तीन दिवस पाजले होते. त्यांच्यासमोर पाच पक्षी उघडले आणि चौघांच्या मधल्या आतड्यात नारिंगी शेंब निघाली. गादीची मूठ दाबली तेव्हा बोटांमधून पाणी आले. पहिल्याच दिवशी पक्षी उघडून पाहिले असते तर बरीच बॅच वाचली असती, हे त्या मालकाला सांगताना मला फार जड गेले.

याच्यासारखे दिसणारे दुसरे रोग कोणते?

गंबोरो याच वयात येतो. त्यात शिट पांढरट पाणीदार असते, शेपटीच्या मुळाशी असलेली बर्सा ही ग्रंथी सुजते आणि मांडीच्या स्नायूंवर रक्ताचे डाग दिसतात. गंबोरोने प्रतिकारशक्ती खचते, त्यामुळे त्याच्या मागोमाग रक्ती हगवण आली तर ती अधिक घातक ठरते. राणीखेत किंवा मानमोडीत हिरवट शिट, घरघर आणि मान वाकडी होणे ही लक्षणे दिसतात. क्लॉस्ट्रिडियम जिवाणूमुळे होणाऱ्या आतड्याच्या सडण्यात आतडे फुगते, आतून तपकिरी खरखरीत थर चढतो आणि घाण वास येतो. हा रोग बहुधा रक्ती हगवणीने आतड्याला इजा केल्यावरच डोके वर काढतो, म्हणून दोन्ही एकत्र सापडणे नवल नाही आणि दोहोंवर वेगळे उपचार करावे लागतात. पहिल्या दोन आठवड्यांतच पिल्लांची गुदद्वारे पांढऱ्या शिटेने लिंपली जात असतील, तर प्रथम पुलोरम या पांढऱ्या हगवणीचा विचार करावा.

शिटेचा नमुना कोठे आणि कसा द्यावा?

शेडच्या वेगवेगळ्या भागांतून ताज्या शिटेचे चमचा-चमचा नमुने स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुरोग निदान प्रयोगशाळेत पोहोचवावेत. मिठाच्या संपृक्त द्रावणात शिट ढवळली की ऊसिस्ट वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. थोडे ऊसिस्ट जवळपास प्रत्येक शेडमध्ये सापडतात, म्हणून अहवालात ते आहेत एवढ्यावरून रोग ठरत नाही. मोजणी, लक्षणे आणि उघडलेल्या पक्ष्याची आतडी या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. उलट लागण नुकतीच झाली असेल, तर मरतूक सुरू होऊनही शिटेत ऊसिस्ट सापडत नाहीत. दवाखाना दूर असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर संपर्क करता येतो.

निदान झाले. आता पहिल्याच दिवशी काय करावे?

औषध पाण्यातून द्यावे, खाद्यातून नव्हे, कारण आजारी पक्षी खाणे सोडतो पण पाणी बहुधा पीत राहतो. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे अँप्रोलियम. त्याची नेहमीची मात्रा पाण्यात ०.०१२ ते ०.०२४ टक्के अशी ३ ते ५ दिवस आणि त्यानंतर ०.००६ टक्के अशी १ ते २ आठवडे असते. २० टक्के तीव्रतेच्या भुकटीचा हिशेब केला, तर १०० लिटर पाण्याला सौम्य लागणीत ६० ग्रॅम, तीव्र लागणीत १२० ग्रॅम आणि नंतरच्या काळात ३० ग्रॅम भुकटी लागते. पुड्यावरची तीव्रता वेगळी असेल तर हे आकडे बदलतात, म्हणून टक्केवारी वाचल्याशिवाय माप टाकू नये. या काळात पक्ष्यांना पाण्याचा दुसरा कोणताही स्रोत मिळू नये. छपराच्या गळतीचे साचलेले पाणी पक्षी पीत असतील, तर औषधाची मात्रा पोटात पुरेशी जाणार नाही.

टोल्ट्राझुरिल हे परजीवीच्या पेशींमधील सर्व अवस्थांवर चालणारे अधिक प्रभावी औषध आहे. त्याची मात्रा दर किलो वजनाला ७ मिलिग्रॅम, सलग २ दिवस अशी आहे. २.५ टक्के द्रावण असेल, तर १०० किलो जिवंत वजनाला दिवसाला २८ मिलिलिटर लागते. सल्फा गटातील औषधे अजूनही चालतात, परंतु मात्रा किंवा दिवस वाढले तर ती स्वतःच रक्तस्राव घडवतात, म्हणून ती दुकानदाराच्या सांगण्यावरून देऊ नयेत.

औषधाइतकेच महत्त्वाचे दुसरे काम त्याच दिवशी करायचे असते. पाण्याच्या भांड्यांखालची आणि कोपऱ्यांतली ओली, ढेपा धरलेली गादी पाटीने उचलून शेडबाहेर दूर न्यावी आणि तिथे कोरडे तूस टाकावे. आज पडलेले ऊसिस्ट पिकण्याआधी बाहेर काढण्याची संधी केवळ एक-दोन दिवसांची असते. नुसते औषध देऊन गादी तशीच ठेवणारा पालक आठ-दहा दिवसांनी पुन्हा दवाखान्यात येतो.

औषधाबरोबर जीवनसत्त्वे द्यावीत का?

अ आणि के ही जीवनसत्त्वे उपयोगी पडतात. अ मुळे आतड्याचे अस्तर भरून येण्यास मदत होते आणि के मुळे रक्त गोठते. पण अँप्रोलियम चालू असताना ब गटाचे टॉनिक देऊ नये. अँप्रोलियमची रचना थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वासारखी आहे आणि परजीवीला थायमिन मिळू न देणे हीच त्याची कार्यपद्धती आहे. टॉनिकातून ब-१ वाढवले, तर आपणच औषधाचा परिणाम पुसून टाकतो. ते टॉनिक अँप्रोलियमचे दिवस संपल्यावर द्यावे.

औषध देऊनही मरतूक थांबली नाही तर?

औषध सुरू केल्यावर पहिले एक-दोन दिवस मरतूक चालूच राहते, कारण ज्यांच्या आतड्याला आधीच मोठी इजा झाली आहे ते पक्षी औषधाने वाचत नाहीत. तीन दिवसांनंतरही फरक नसेल तर मात्रा, पाण्याचा खप आणि निदान या क्रमाने पुन्हा तपासावे. त्यानंतरच परजीवी त्या औषधाला सरावला असल्याचा संशय घ्यावा. प्रत्येक बॅचला तेच ते औषध वापरल्याने असा सराव होतो हे खरे आहे.

खाद्यातच औषध मिसळलेले असते असे म्हणतात. मग रोग का येतो?

ब्रॉयलरच्या बहुतेक तयार खाद्यात कॉक्सिडिओस्टॅट, म्हणजे परजीवीची वाढ रोखणारे औषध, मिसळलेले असते. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन ही आयनोफोर गटातील औषधे आणि डिक्लाझुरिल, रोबेनिडिन, निकार्बाझिन यांसारखी रासायनिक औषधे त्यात येतात. ती परजीवीचा भार कमी ठेवतात, शून्यावर आणत नाहीत. गादी भिजली आणि पोटात जाणारे ऊसिस्ट बेसुमार वाढले की हे संरक्षण अपुरे पडते. शिवाय पक्ष्याने खाणे कमी केले की औषधही कमी जाते. करार पद्धतीने पक्षी वाढवणाऱ्यांनी खाद्यात कोणते औषध आहे हे सुपरवायझरला स्पष्ट विचारावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. हा त्यांचा हक्क आहे आणि उपचार ठरवताना पशुवैद्यकाला ही माहिती लागतेच.

येथे दोन इशारे द्यायलाच हवेत. श्वसनाच्या रोगासाठी टियाम्युलिन हे प्रतिजैविक चालू असताना खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन असेल, तर दोहोंच्या संयोगाने विषबाधा होऊन पक्षी लुळे पडतात. दुसरा इशारा जनावरांविषयी आहे. बॅच संपल्यावर उरलेले कोंबडीखाद्य बैलांना किंवा घोड्याला घालण्याची सवय काही घरांत आहे. आयनोफोर औषधे घोड्याला अगदी थोड्या प्रमाणातही प्राणघातक ठरतात आणि जास्त मात्रेत गुरांच्या हृदयालाही इजा करतात. शर्यतीसाठी घोडा पाळणाऱ्या घरांनी तर कोंबडीखाद्याची पोती तबेल्याच्या जवळही ठेवू नयेत.

गादी कोरडी ठेवण्यासाठी पावसाळ्यात प्रत्यक्ष काय करावे?

गादीतील ओल २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असावी. मोजण्याचे यंत्र लागत नाही. मूठभर गादी घट्ट दाबून सोडावी. ती सैल सुटली तर ठीक, गोळा होऊन भेगाळली तर सावध व्हावे, आणि गोळा तसाच राहिला किंवा हाताला पाणी लागले तर त्याच दिवशी हालचाल करावी. ही परीक्षा शेडच्या मधोमध न घेता पाण्याच्या भांड्यांखाली आणि पावसाच्या बाजूच्या भिंतीलगत घ्यावी.

भाताचे तूस आपल्या भागात मुबलक मिळते, परंतु जुलैत गिरणीवरून आणलेले तूस बहुधा दमट असते आणि त्यात बुरशी धरते. एप्रिल-मे महिन्यांतच पावसाळ्याच्या दोन बॅचना पुरेल इतके तूस खरेदी करून, खाली लाकडी फळ्या टाकून, कोरड्या जागी साठवावे. त्यात गुंतलेले पैसे औषधाच्या एका खेपेच्या खर्चापुढे फार नसतात. उन्हाळ्यात दोन इंचांची गादी चालत असेल, तर पावसाळ्यात ती तीन ते चार इंचांची करावी आणि रोज, निदान एक दिवसाआड, दाताळ्याने खालीवर करावी. पापुद्रा धरलेली गादी नुसती उलटून उपयोग नाही, ती फोडून भुगा करावी लागते किंवा काढून टाकावी लागते.

ओलीचा सर्वांत मोठा स्रोत पाऊस नसून पाण्याची भांडी असतात, हे सांगितले तर अनेकांना पटत नाही. भांड्याची कड पक्ष्यांच्या पाठीच्या उंचीला असावी आणि पक्षी वाढतील तशी दर तीन-चार दिवसांनी ती वर घ्यावी. निप्पल (चोच लावताच पाणी देणाऱ्या तोट्या) असतील तर त्यांची उंची पक्ष्याने मान वर करून पिण्याइतकी ठेवावी आणि गळणारे निप्पल त्याच दिवशी बदलावे. पावसाळ्यात ब्रॉयलरला प्रत्येकी एक चौरस फुटाहून थोडी जास्त जागा द्यावी. हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये बाराशे कोंबणाऱ्याला मिळणारा जादा पैसा गादीच ओढून घेते.

चुना, फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर टाकल्याने परजीवी मरतो का?

मरत नाही. ऊसिस्टचे कवच इतके चिवट असते की नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाही. चुन्याने गादीची ओल थोडी शोषली जाते एवढाच उपयोग, आणि पक्षी आत असताना तो जास्त पडला तर अमोनिया अधिक सुटतो. उष्णता, कडक वाळवण आणि १० टक्के अमोनियाचे द्रावण यांनी ऊसिस्ट मरतात. अमोनिया केवळ रिकाम्या शेडमध्ये, तोंड-नाक झाकून वापरावा आणि नंतर शेड चांगले वारवू द्यावे.

लस मिळते का आणि ती घ्यावी का?

जिवंत ऊसिस्ट असलेल्या लसी आहेत. पहिली व्यापारी लस अमेरिकेत १९५२ साली आली आणि पुढे सौम्य केलेल्या जातींच्या लसीही आल्या. ती पहिल्याच दिवशी फवाऱ्याने किंवा पहिल्या काही दिवसांत पाण्यातून किंवा खाद्यावरून दिली जाते. तिचा परिणाम होण्यासाठी पिल्लांना लसीतील परजीवी गादीतून पुन्हा थोड्या प्रमाणात मिळावा लागतो, म्हणून खाद्यात कॉक्सिडिओस्टॅट असेल तर लस वाया जाते. अंड्यांच्या आणि मातृपक्ष्यांच्या कळपांना, ज्यांना दीर्घकाळ जगायचे आहे, ती फायद्याची ठरते. सहा आठवड्यांत विकायच्या छोट्या ब्रॉयलर बॅचसाठी, तेही पावसाळ्यात गादी हाताबाहेर जाण्याची शक्यता असताना, मी तिची सरसकट शिफारस करणार नाही.

परसातल्या गावठी कोंबड्यांनाही हा रोग होतो का?

होतो. मोठ्या कोंबडीला सहसा काही होत नाही, कारण लहानपणीच तिची प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, परंतु ती शिटेतून ऊसिस्ट टाकत राहते आणि तिच्यामागे फिरणारी तीन-चार आठवड्यांची पिल्ले बळी पडतात. लक्ष्मी यात्रेसाठी किंवा म्हाईसाठी कोंबड्या राखणाऱ्या घरांत पावसाळ्यातली पिल्ले ‘आपोआप मेली’ असे सांगितले जाते, त्यातली अनेक याच रोगाने गेलेली असतात. खुराड्याची जमीन मातीची असेल तर तिथे बांबूच्या पट्ट्यांची किंवा जाळीची तळी करावी म्हणजे शिट खाली पडेल. खाद्य अंगणात न फेकता भांड्यात घालावे. पिल्ले आणि मोठे पक्षी वेगळे ठेवावेत.

हळद, ताक, लसूण यांनी रोग बरा होतो का?

या गोष्टी दिल्याने अपाय नाही, परंतु रोग उसळल्यावर त्यांच्या भरवशावर दोन दिवस घालवणे महाग पडते. टेनेलाच्या तीव्र लागणीत लागण झाल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी मरतूक शिगेला पोहोचते, म्हणजे लक्षणे दिसल्यावर हातात फार वेळ उरलेला नसतो.

औषध दिलेल्या कोंबड्यांचे मांस आणि अंडी खावीत का? घरातल्या माणसांना लागण होईल का?

कोंबड्यांचा आयमेरिया माणसाला होत नाही, आणि शेळ्या, ससे किंवा गुरे यांनाही होत नाही. प्रत्येक प्राण्याचा परजीवी वेगळा असतो. शेळीला रक्ती हगवण लागली तर ती कोंबड्यांमुळे आली नाही. मात्र औषधाचा प्रश्न निराळा आहे. लेबलवर दिलेला वर्ज्य काळ पूर्ण होईपर्यंत पक्षी विकू नये. टोल्ट्राझुरिल आणि सल्फा औषधे खाण्यासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊ नयेत. लेबल फक्त कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल, तर दुकानातून निघण्यापूर्वीच टक्केवारी, मात्रा आणि वर्ज्य काळ मराठीत लिहून घ्यावा. डॉक्टर कन्नडभाषक असतील तर ‘रक्तभेदी’ हा शब्द वापरावा, म्हणजे दोघांचेही बोलणे एकाच रोगाबद्दल चालू आहे याची खात्री होते.

बॅच संपल्यावर पुढची पिल्ले केव्हा आणावीत, आणि जुन्या गादीचे काय करावे?

जुनी गादी पूर्ण काढावी. तळ खरवडून, धुऊन वाळू द्यावा आणि शक्य असेल तर जमिनीवर व भिंतींच्या खालच्या दोन फुटांवर फ्लेम गनची ज्योत फिरवावी. त्यानंतर शेड निदान दोन आठवडे रिकामे आणि कोरडे राहू द्यावे. मातीच्या जमिनीत ऊसिस्ट महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून ज्यांना परवडेल त्यांनी तळ सिमेंटचा करावा. काढलेली गादी उसाच्या किंवा भाजीच्या रानात उत्तम खत ठरते, पण ती ताजीच शेडलगतच्या वाफ्यात पसरू नये, कारण पावसाच्या पाण्याबरोबर आणि माणसांच्या पायांबरोबर तीच घाण परत आत येते. शेडपासून दूर ढीग लावावा आणि पाऊस लागू नये म्हणून वर ताडपत्री टाकावी. ढिगाच्या पोटात ५५ अंशांवर उष्णता चढली की आतले ऊसिस्ट मरतात. कडेचा भाग तितका तापत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ढीग एकदा आतबाहेर उलटावा. ज्या पाट्या-फावड्यांनी ढीग उलटला ती अवजारे नवी पिल्ले आल्यावर शेडमध्ये नेऊ नयेत, आणि दाराशी शेडपुरते वेगळे चप्पल-बूट ठेवावेत.